रांगेत पहिला: उशिरा वयात येणाऱ्या एका मुलाचं प्रकरण

हा मुलगा माझ्याकडे पहिल्यांदा आला तेव्हा त्याचं वय १४ वर्षं ४ महिने होतं. इयत्ता नववी, उंची १३८.४ सेंटिमीटर, वजन ३१ किलो. राहणार सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा. ओळख पटू नये म्हणून बाकीचे तपशील गाळले आहेत. वडील पोलीस हवालदार, आई अंगणवाडी सेविका, धाकटा भाऊ आठ वर्षांचा.

तक्रार वडिलांनीच मांडली. "दोन वर्षं झाली डॉक्टरसाहेब, काडीचा वाढला नाही. वर्गातली पोरं बघा, एकेक ताडमाड झालीत. आणि ह्याला पुढं भरतीला उतरायचंय." महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत पुरुष उमेदवाराची उंची किमान १६५ सेंटिमीटर लागते. आमच्या भागात हा आकडा लहान पोरालाही पाठ असतो. पहाटे रस्त्यानं धावणारी मुलं वेळ जितक्या काळजीनं मोजतात तितक्याच काळजीनं उंचीही मोजतात. फरक इतकाच, की वेळ सरावानं सुधारते.

आई काही बोलली नाही. तिनं पिशवीतून कागद काढून टेबलावर ठेवले. त्यात दोन रिकामे प्लास्टिकचे डबेही होते, त्यांच्याबद्दल पुढे येईलच.

आईची वही

वाढीच्या तक्रारीत सगळ्यात मोलाची तपासणी म्हणजे जुनी मोजमापं, आणि बहुतेक घरांत नेमकी तीच नसतात. इथं होती. मुलगा लहान असताना माता-बाल कार्डावर वजनाचाच आलेख होता, पण अंगणवाडीत रोज दुसऱ्यांची मुलं मोजणाऱ्या या बाईंनी स्वतःच्या मुलाची उंचीही दर वाढदिवसाला वहीत टिपली होती. दाराच्या मागे, भिंतीला टाच टेकवून, अनवाणी.

शाळेच्या आरोग्य तपासणीची कार्डंही होती. त्यांत सातवीत १३३ आणि आठवीत १३२ सेंटिमीटर लिहिलं होतं, म्हणजे कागदावर मुलगा वर्षभरात सेंटिमीटरभर आखूड झाला होता. एका वर्षी बूट घालून मोजलं असेल, दुसऱ्या वर्षी भिंतीवरची पट्टी वर चिकटली असेल. अशा दोन नोंदींची वजाबाकी करून 'वाढ थांबली' असं कुणी म्हटलं तर त्याला दोष देता येत नाही, पण ती वजाबाकी कामाची नाही. वडिलांच्या तक्रारीचं मूळ बहुधा तिथंच होतं.

वहीतले आकडे असे होते: दहाव्या वाढदिवसाला १२०.४, अकराव्याला १२५, बाराव्याला १२९.३, तेराव्याला १३३.२, चौदाव्याला १३७.२. म्हणजे दर वर्षी चार ते साडेचार सेंटिमीटरच्या आसपास. वयात येण्याआधी मुलं साधारण वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतात, आणि वयात येण्याच्या अगदी तोंडावर हा वेग चारच्या आसपास उतरतो. ज्याचं वयात येणं लांबतं त्याच्या बाबतीत हा संथ काळही लांबतो. आणि याच काळात त्याच्या वर्गातल्या मुलांचा वेग वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटरवर गेलेला असतो. हा मुलगा थांबला नव्हता. बाकीचे सुटले होते.

त्याहून जुन्या नोंदींत आणखी एक खूण होती. जन्मवजन २.८ किलो, पहिलं वर्ष उत्तम. मग दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान उंची मधल्या पट्ट्यातून हळूहळू खालच्या रेषेवर उतरली आणि तिथून पुढे त्या रेषेला समांतर चालत राहिली. मंद पण सरळ. थायरॉईड बिघडलं, मूत्रपिंडाचा जुना आजार असला किंवा मेंदूत गाठ वाढत असली, तर रेषा अशी समांतर चालत नाही, ती एकेक पट्टा ओलांडत खाली घसरते. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे तक्ते मी वापरतो. पाच ते अठरा वर्षांच्या आपल्याच मुलांच्या मोजमापांवरून ते तयार झालेत आणि त्या कामात पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकरांचा मोठा वाटा आहे. इंटरनेटवरून अमेरिकी तक्ता उतरवून घेतला की आपला मुलगा आणखी दोन पायऱ्या खाली दिसतो आणि घरात उगाच रडारड होते. आपल्या तक्त्यावर हा मुलगा तिसऱ्या शतमान रेषेच्या खाली होता, पण फार खाली नव्हता. शतमान म्हणजे काय ते आईला समजावून सांगावं लागलं नाही. वडिलांना सांगितलं: याच्या वयाची शंभर मुलं रांगेत उभी केली तर याचा नंबर पहिल्या तिघांत. "ते आम्हाला माहितेय," ते म्हणाले, "प्रार्थनेला हा रांगेत पहिलाच असतो."

मुलाचं म्हणणं

तेरा-चौदाच्या पुढच्या मुलाशी थोडा वेळ एकट्यानं बोलायचं, ही माझी पद्धत आहे. आईवडील बाहेर गेल्यावर पाच मिनिटं शांततेत गेली. मग त्यानं एसटीची गोष्ट सांगितली. शाळेचा पास संपला की कंडक्टर न विचारताच त्याला अर्धं तिकीट फाडतो. अर्धं तिकीट बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला. पैसे वाचतात म्हणून मित्र त्याला नशीबवान म्हणतात आणि हसतात.

उन्हाळ्यात विहिरीवर पोहायला जाणं त्यानं बंद केलं होतं. उंचीचं कारण नव्हतं तिथं. कपडे बदलताना बाकीच्या मुलांची शरीरं मोठ्या माणसांसारखी दिसायला लागली होती, आणि त्याचं नव्हतं. कबड्डीतूनही अंग काढून घेतलेलं. शाळेत 'टिंगू' हे नाव पडलं होतं, त्याचं त्याला फारसं वाटत नव्हतं असं तो म्हणाला. मी त्यावर विश्वास ठेवला नाही. शेवटी त्यानं विचारलं, "सर, माझ्यात काही बिघाड आहे का?"

वडील सेंटिमीटर मोजत होते. मुलाचा प्रश्न उंचीचा नव्हताच, वयात येण्याचा होता. या दोन तक्रारी एकाच मुलात असल्या तरी त्या वेगळ्या आहेत, आणि पुढचे सगळे निर्णय या फरकावर उभे राहिले.

या वयातल्या मुलांच्या कानावर काय काय पडलेलं असतं ते मी आता न विचारताच बोलून टाकतो. जोर-बैठकांनी उंची खुंटत नाही; नीट देखरेखीखालचा व्यायाम वाढीला मारक नसतो. हस्तमैथुनानं उंची खुंटत नाही. बारला लटकून उंची वाढत नाही. दिवसभर उभं राहून मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि रात्री आडवं झाल्यावर पुन्हा फुगतात, म्हणून सकाळी माणूस संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर उंच भरतो. लटकल्यावर मिळतं ते तेवढंच, आणि दुपारपर्यंत जातं. याच कारणानं मी दर वेळी शक्यतो सकाळच्याच वेळी मोजतो.

घराण्यातला उशीर

माझ्या स्टेडिओमीटरवर, म्हणजे उंची मोजायच्या उभ्या पट्टीवर, वडील १६८ भरले, आई १५४. मुलाची अपेक्षित उंची काढायचा ढोबळ हिशेब असा: आईवडिलांच्या उंचीची बेरीज, त्यात १३ मिळवायचे, दोनानं भागायचं. १६७.५ आली. त्याच्या दोन्ही बाजूंना आठेक सेंटिमीटरचा पट्टा धरायचा, म्हणजे साधारण १५९ ते १७६. हा पट्टा ऐकून हवालदारसाहेब गप्प झाले. मुलगा पूर्ण निरोगी असला, वेळेवर वयात आला, तरी १६५ ची हमी त्यांच्या घराण्याच्या हिशेबात नव्हतीच. ते सांगणं मला भाग होतं. नाहीतर पुढे प्रत्येक सेंटिमीटरची जबाबदारी औषधावर किंवा मुलावर पडली असती.

मग मी नेहमीचा प्रश्न विचारला: "तुम्ही दाढी करायला कधी लागलात?" ते हसले. "नोकरी लागल्यावर." मिसरूडच मुळात बारावीनंतर फुटलं. अठराव्या वर्षी पहिल्यांदा भरतीला गेले तेव्हा उंचीच्या पट्टीखालीच बाद झाले, मैदानापर्यंत गेलेच नाहीत. दोन वर्षांनी पुन्हा गेले तेव्हा १६७ भरले. ही गोष्ट ते घरी जिद्दीची गोष्ट म्हणून सांगत आले होते, आणि ती आहेही. पण वैद्यकीय भाषेत अठरा ते वीस या वयात उंची वाढत राहणं म्हणजे उशिरा वयात आल्याचा पुरावा. आईची पाळी पंधरा पूर्ण झाल्यावर सुरू झाली होती. मामाही असाच, "बारावीनंतर एकदम वर गेला".

"सासूबाई कधीच्या म्हणतायत की ह्याचा बापबी असाच बारका होता," आई म्हणाली. ते कुणी मनावर घेतलं नव्हतं, कारण आज्जी प्रत्येक गोष्टीत तसंच म्हणते. माझा अनुभव असा की वाढीच्या तक्रारीत आज्जीला आधी विचारावं, रक्त नंतर काढावं. उशिरा वयात येणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक घरांत आई, बाप किंवा त्यांची भावंडं अशीच उशिराची निघतात.

तपासणी

मुलगा वयात येतोय याची पहिली खूण मिसरूड नसते, आवाज फुटणंही नसतं. ती असते वृषणांचा आकार वाढणं, आणि ती कपड्यांआड असल्यामुळे घरात कुणाला दिसत नाही. मोजायला लाकडी किंवा प्लास्टिकच्या अंडाकृती मण्यांची माळ असते, १ पासून २५ मिलिलिटरपर्यंत. झ्युरिकच्या अँड्रिया प्राडर यांनी ती १९६६ मध्ये रूढ केली आणि आजवर तिच्याहून सोपं साधन आलेलं नाही. चार मिलिलिटर झाले की वयात येणं सुरू झालं. मुलांमध्ये हे ९ ते १४ या वयात कधीही होऊ शकतं. चौदा पूर्ण होऊनही चारच्या आत असेल तर त्याला 'उशीर' म्हणायचं. याचे तीन होते.

म्हणजे व्याख्येप्रमाणे उशीर खराच होता. इथं मला एक स्पष्ट सांगायचंय. 'वाढेल हो आपोआप, घराण्यातच आहे' हे वाक्य बरोबर ठरण्याची शक्यता मोठी असते म्हणून ते तपासणीआधीच म्हणायचं, ही सवय वाईट. घराण्यात उशीर असलेल्या मुलालाही थायरॉईडचा आजार होऊ शकतो.

म्हणून बाकीचं पाहिलं. डोकेदुखी, सकाळच्या उलट्या, नजरेची तक्रार नाही. दम्याची किंवा कसलीही स्टिरॉइडची औषधं नाहीत. जुलाब, पोटफुगी नाही. हात पसरून बोटाच्या टोकापासून टोकापर्यंतची लांबी उंचीइतकीच. आईला विचारलं, याला फोडणीचा वास येतो का? ती जरा गोंधळली. वास न येणं आणि वयात न येणं हे एकत्र असणारा एक जन्मजात दोष आहे. गर्भात वासाच्या मज्जातंतूंच्या वाटेनंच मेंदूतल्या वयात आणणाऱ्या पेशी आपल्या जागी जातात, ती वाट अडली की दोन्ही राहतं. या मुलाला दूध उतू गेलेलं दुसऱ्या खोलीतून कळत होतं.

रक्ताच्या तपासण्या मोजक्याच: हिमोग्लोबिन व रक्तघटक, शरीरात लपलेल्या दाहासाठी ईएसआर, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, थायरॉईडसाठी टीएसएच, सिलिअॅकसाठी टीटीजी, आणि सकाळी आठची एलएच, एफएसएच (मेंदूकडून वृषणांना संदेश देणारी दोन संप्रेरकं) आणि टेस्टोस्टेरॉन (वृषणांत तयार होणारं पुरुषी संप्रेरक). गव्हाची अॅलर्जी म्हणून लोक ओळखतात तो सिलिअॅक आजार आपल्याकडे उत्तरेइतका दिसत नाही, पण उंची खुंटण्याचं ते एकच लक्षण असू शकतं, म्हणून वगळायचा नाही. निष्कर्ष: हिमोग्लोबिन ११.२, लोह कमी, ड जीवनसत्त्व कमी. ही दोन्ही सुधारली. बाकी सगळं व्यवस्थित आणि तिन्ही संप्रेरकं लहान मुलाच्या पातळीवर. मुलगा वयात आला नाही हे रक्तानंही सांगितलं, का आला नाही ते सांगितलं नाही. एलएच-एफएसएच खूप वाढलेली असती तर दोष वृषणांत आहे असं कळलं असतं. कमी असली की दोनच शक्यता उरतात: मेंदूची सुरुवात उशिरा होणार आहे, किंवा होणारच नाही. चौदाव्या वर्षी या दोन्हींत रक्ताची एकच तपासणी खात्रीनं फरक करू शकत नाही.

डाव्या हाताचा एक्स-रे

डाव्या हाताच्या आणि मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय काढतात. मी ग्रॉयलिश आणि पाइल यांच्या चित्रसंचाशी ताडून पाहतो. तो अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या, १९३०-४० च्या काळातल्या खात्यापित्या घरच्या मुलांवरून बनलाय, त्यामुळे साताऱ्याच्या मुलाला तो लावताना सहा महिने इकडेतिकडे होणार हे धरून चालायचं. या मुलाचं हाडांचं वय आलं १२. जन्मतारखेपेक्षा दोन वर्षं चार महिने मागे.

वडिलांना हा एक्स-रे खिडकीशी धरून दाखवला. बोटांच्या हाडांच्या टोकाशी ज्या काळ्या फटी दिसतात त्या वाढीच्या कूर्चा. त्या उघड्या आहेत तोवर उंची वाढते, बुजल्या की कशानंही वाढत नाही. आणि त्या बुजवतं कोण, यात एक गंमत आहे. मुलांमध्येसुद्धा ते काम टेस्टोस्टेरॉन स्वतः करत नाही. त्यातला काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये, म्हणजे स्त्री-संप्रेरकात, बदलतो आणि ते इस्ट्रोजेन कूर्चा बुजवतं. १९९४ मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी अठ्ठावीस वर्षांच्या एका पुरुषाचं प्रकरण प्रसिद्ध केलं. जन्मजात दोषामुळे त्याच्या शरीराला इस्ट्रोजेनचा संदेश कळतच नव्हता. त्याची उंची २०४ सेंटिमीटर झाली होती आणि हाडांचं वय पंधराचं होतं, म्हणजे तो अजून वाढतच होता.

आमच्या मुलाच्या दृष्टीनं याचा अर्थ इतकाच, की ज्या संप्रेरकांनी उंचीची झेप येते तीच पुढे दार लावून घेतात. वर्गातल्या उंच मुलांची झेप झाली आणि त्यांच्या फटी आता अरुंद होत चालल्या. याची झेप अजून शिल्लक आहे, फटीही. तुलना करायची तर ती बारा वर्षांच्या मुलाशी करा, असं मी म्हटलं. बारा वर्षांच्या मुलांत १३८ सेंटिमीटर बुटकेपणात मोडत नाही.

"म्हणजे एसटी उशिरा सुटणार, पण रद्द नाही?" हवालदारसाहेबांनी विचारलं. बहुधा नाही, असं मी म्हणालो. 'बहुधा' हा शब्द त्यांना आवडला नाही. पण त्या दिवशी त्याहून पक्कं सांगणं खोटं ठरलं असतं.

हाडांच्या वयावरून अंतिम उंची काढायचे तक्ते आहेत. त्यांतून १७० च्या आसपास येत होतं. हा आकडा मी घरच्यांना दिला नाही. अशा मुलांमध्ये तक्ते थोडं जास्त सांगतात हे माहीत आहे, आणि एकदा ऐकलेला आकडा घरातून जात नाही.

डबे आणि इंजेक्शन

आता त्या दोन डब्यांकडे. 'उंची वाढवणारी' पावडर, मोबाइलवरच्या जाहिरातीवरून मागवलेली, महिनोन्महिने दुधातून दिलेली. १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्यात ज्या आजार-अवस्थांवर औषधाची जाहिरातच करता येत नाही अशांची यादी आहे, तीत माणसाची उंचीसुद्धा आहे. जाहिराती तरीही चालूच आहेत. बहुतेक पावडरींत साखर, दूधपावडर आणि थोडी जीवनसत्त्वं असतात, म्हणजे नुकसान खिशाचं. भीती वेगळी आहे: एखाद्यात पुरुषी संप्रेरकासारखं काही मिसळलेलं असेल तर मुलगा सहा महिन्यांत झपाट्यानं वाढेल, घरचे खूश होतील, दुकानाचं नाव चार जणांना सांगतील, आणि फटी वेळेआधी बुजतील. डब्यावर काय लिहिलंय त्यावरून हे कळत नाही. आईनं ते बंद केले.

नात्यातल्या एकानं ग्रोथ हार्मोनची, म्हणजे वाढीच्या संप्रेरकाची, इंजेक्शनं सुचवली होती. वडील कर्ज काढायला तयार होते. वजनावर मात्रा, रोज एक इंजेक्शन, वर्षानुवर्षं, खर्च लाखांत. ज्याच्यात ग्रोथ हार्मोन खरोखर कमी आहे त्याच्यासाठी हे वरदान आहे आणि तिथं उशीर करणं गुन्हा. या मुलात तशी शंका घ्यायला जागा कमी होती, कारण हाडांच्या वयाच्या मानानं त्याचा वेग ठीक होता. "निदान तपासणी तरी करून टाका," वडील म्हणाले. पण वयात न आलेल्या मोठ्या मुलात ही तपासणी फसवी असते. आधी काही दिवस लैंगिक संप्रेरक देऊन शरीर तयार केल्याशिवाय ती केली तर ग्रोथ हार्मोन खोटंच कमी दिसतं, आणि मग एका निरोगी मुलावर आयुष्यभराचं निदान चिकटतं. मी ती केली नाही. पुण्यातल्या एका बाल-संप्रेरकतज्ज्ञांचं मत घेतलं, त्यांनीही नको म्हटलं.

ठरलं ते असं: सहा महिने फक्त मोजायचं. लोहाच्या गोळ्या, ड जीवनसत्त्व, रोज अंडं किंवा डाळ-उसळ पोटभर, रात्री मोबाइल बाजूला. वडिलांना हा उपचार वाटला नाही.

सहा महिन्यांनंतर

१४ वर्षं १० महिने: उंची १४०.५, वृषण तीन आणि चारच्या मध्ये. वेग तोच. वैद्यकीयदृष्ट्या अजून थांबायला हरकत नव्हती. पण मधल्या काळात मुलानं शाळेला दांड्या मारायला सुरुवात केली होती, स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात तर गेलाच नाही. दहावी तोंडावर होती.

इथं मतभेद होतात, आणि प्रामाणिक मतभेद आहेत. काही सहकारी म्हणतात, निसर्ग करणारच आहे तर सुई कशाला? माझं मत असं, की चौदाच्या पुढचा मुलगा स्वतः हवं म्हणत असेल तर थोड्या काळासाठी, थोड्या मात्रेत टेस्टोस्टेरॉन देणं योग्य. ते उंचीचं औषध नाही, हे मी तिघांना बसवून सांगितलं. अंतिम उंची त्यानं वाढत नाही, आणि इतक्या कमी मात्रेत घटतही नाही. ते फक्त सुरुवात पुढे ओढतं. मुलाला विचारलं. त्यानं वडिलांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहून "हो" म्हणाला.

तज्ज्ञांच्या सल्ल्यानं महिन्याला ५० मिलिग्रॅम, दंडात नव्हे तर मांडीत, असे चार डोस दिले. मग बंद केलं आणि वाट पाहिली.

खरी परीक्षा औषध थांबल्यावर असते. केस येणं, आवाज जड होणं, थोडी उंची, हे सगळं इंजेक्शननं होतंच. पण वृषणांचा आकार बाहेरच्या टेस्टोस्टेरॉननं वाढत नाही. तो मेंदूकडून स्वतःचा संदेश आला तरच वाढतो. १५ वर्षं ४ महिन्यांना उंची १४४.२ होती, आवाज फाटत होता, आणि माळेवरचा सहाचा मणी जुळला. मी लगेच रक्त पाठवलं: एलएच वयात आलेल्या मुलासारखं. तो जन्मजात दोष, ज्याची शंका वर्षभर मनात होती, ती त्या दिवशी फाइलमधून काढून टाकली. घरच्यांना १४४ चा आनंद झाला, मला सहाच्या मण्याचा.

१६ वर्षं ४ महिन्यांना १५२.८. वर्षात ८.६ सेंटिमीटर. वजन एकदम ४३. आईची तक्रार आता अशी की चपाती पुरत नाही आणि एका मोसमात दोनदा शाळेची पँट घ्यावी लागली. या टप्प्यावर अर्ध्याहून अधिक मुलांना छातीत थोडी गाठ जाणवते, दुखते, यालाही आली. मी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून घाबरला नाही. वर्ष-दोन वर्षांत जाते.

शेवटची भेट

१७ वर्षं ४ महिने: उंची १६०.१, वजन ५०, हाडांचं वय १५. पुढच्या दोन वर्षांत पाचेक सेंटिमीटर, कदाचित थोडं जास्त. म्हणजे गोष्ट १६५ च्या पट्टीवर येऊन टेकते, आणि पट्टीच्या कोणत्या बाजूला ते मी सांगू शकत नाही. वडिलांनी पुन्हा विचारलं. "तुम्ही अठराव्या वर्षी किती होता?" मी उलट विचारलं. ते बरोबर सांगतात: १६३. मुलगा म्हणाला की पहिल्या वर्षी तो फॉर्म भरणारच नाही, विसावं लागल्यावर भरेल, तोवर आयटीआय करेल. बापाच्या अनुभवातून काढलेला याहून शहाणा हिशेब मला सुचला नसता.

कबड्डीत तो परत गेलाय. उंची कमी, पाय वेगवान, म्हणून चढाईला घेतात.

धाकट्यालाही त्या दिवशी सोबत आणलं होतं. अकरा वर्षं, १२६ सेंटिमीटर, मणी दोनचा. आईनं त्याच्यासाठी वेगळी वही केली आहे. त्याला काही तपासणी लागत नाही. दर सहा महिन्यांनी सकाळी, अनवाणी, त्याच पट्टीवर मोजायचं, आणि चौदा पूर्ण झाल्यावर मला दाखवायचं. वर्षाचा वेग चारच्या खाली गेला तर त्याआधीच.